शिळं खाणारी

उदय मगदूमच्या ताटात सकाळची भाजी रात्री कधी आली नाही. पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला, स्वभावानं मऊ माणूस. बायकोवर त्यानं कधी आवाज चढवला नाही. वाटी नाकाशी नेऊन तो फक्त विचारायचा, "सकाळचं का गं?" आणि वाटी हळूच बाजूला सारायचा. त्या हळूच सारण्याच्या धाकानं वृंदानं सांगलीतल्या त्या घरात अर्धं आयुष्य दोन्ही वेळा गॅसपुढे काढलं. शाळेत भूगोल शिकवून दमून आली तरी, अंगात कणकण असली तरी, चपात्या तव्यावरून थेट ताटात पडायच्या.

उरलेलं ती खायची. आधी टाकवत नाही म्हणून, मग सवयीनं, आणि पुढेपुढे तर चक्क आवडीनं. रात्रीची आमटी सकाळपर्यंत मुरते, तिच्यात चिंचगुळाची ओळख पटते, असं ती म्हणायची. शिळ्या भाकरीचा कुस्करा, त्यावर ताक, शेजारी हातानं फोडलेला कांदा. एवढं मिळालं की ती कुणाच्या लग्नाचं जेवणही सोडायला तयार असे.

मग ताजघर आलं आणि शिळं हा शब्दच हळूहळू लोकांच्या तोंडातून गेला.

अन्न विटतं म्हणजे काय होतं? डोळ्यांना न दिसणारे जंतू त्यावर वाढतात. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि उन्हाळ्यात दुपार सरेपर्यंत वरणाला वास येतो. एका खाऱ्या सरोवराच्या गाळात शास्त्रज्ञांना एक प्रथिन सापडलं. ते जंतूंना मारत नव्हतं. त्यांचं 'दोन होणं' तेवढं थांबवत होतं. जंतू जागच्या जागी गप्प बसून राहायचे. त्या प्रथिनाला त्यांनी 'स्थिरक' म्हटलं. ताजघर म्हणजे कपाटाएवढी एक पेटी. गरम अन्न आत ठेवायचं, दार लावायचं, की त्यावर स्थिरकाचं धुकं बसायचं. फ्रीज नको, बर्फ नको. महिन्यानं दार उघडलं तरी भात नुकता उतरवल्यासारखा मोकळा, आणि फोडणीचा वास तसाच. पोटात गेल्यावर जठरातल्या आम्लानं स्थिरक विरघळून जातो, असं सगळ्या चाचण्यांनी सांगितलं होतं. ते जवळजवळ खरं होतं.

स्थिरक पेटीपुरता थोडाच राहणार! दूधवाल्यांनी तो दुधात घातला, गिरणीवाल्यांनी पिठात. नासलेलं दूध, बुरशी आलेला पाव, आंबलेली डाळ या गोष्टी मुलांना चित्रात दाखवून शिकवाव्या लागू लागल्या. पुण्यात वृंदाची मुलगी ऋजुता आणि जावई तन्मय महिन्यातून एका रविवारी स्वयंपाक करत, आणि तेही हौशी समजले जात. त्यांच्या शेजारच्या नव्या इमारतीत तर घरांना ओटाच नव्हता.

वृंदाला पेटी ऋजुतानंच आणून दिली. आठवड्यातून एकदा स्वयंपाक करायचा आणि बाकीचे दिवस नुसतं दार उघडायचं. पेटीतलं पहिल्यांदा वाढलं तेव्हा उदयनं वाटी नाकाशी नेली, चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटून म्हणाला, "वा! आत्ताचीच." वृंदा हसली. ती आमटी मंगळवारची होती आणि तो दिवस शनिवार होता.

ती स्वतः मात्र पेटीतलं खाईना. तिची ज्वारी माहेराहून, भावाच्या शेतावरून यायची. घरातल्या छोट्या चक्कीवर ती दळायची. दूध गल्लीच्या टोकाला म्हैस पाळणाऱ्या आक्काकडचं, आणि दही त्याच दुधाचं. स्वयंपाकाच्या दिवशी पेटीत मावणार नाही तेवढं जास्त करायची आणि बाहेर झाकून ठेवायची.

"आता तरी सोड ते," उदय कुरकुरायचा. "लोक म्हणतील, घरात ताजघर आहे आणि बायकोला शिळं घालतो."

"लोकांना कशाला सांगता? आणि तुमच्या पेटीतलं काही मुरतच नाही हो. चव आहे, पण वय नाही त्याला."

"अन्नाला वय कशाला लागतं?"

"राहू द्या. तुम्ही तुमची मंगळवारची आमटी खा."

कुणी तिला खुळी म्हणायचं, कुणी हट्टी. ती ना खुळी होती ना हट्टी. तिला शिळं आवडायचं, एवढंच.

*

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ऋजुता सांगलीला आली. मुलगी झाली. नाव ठेवायचं बारशाला, तोवर सगळे तिला चिमी म्हणू लागले. जन्मली तेव्हा गुटगुटीत होती. पुढे ती भरेना. दूध प्यायची, तासभर कळवळून रडायची आणि सगळं तसंच बाहेर टाकायची. गालांचा फुगीरपणा ओसरला. मांड्यांवर सुरकुत्या दिसू लागल्या. बारसं लांबणीवर पडलं, आणि नंतर त्याचा विषयच कुणी काढेना.

बालरोगतज्ज्ञ डॉक्टर नाझनीन पटवेगार या शांत, नेमकं बोलणाऱ्या बाई. त्यांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर वृंदा पहिल्यांदा गेली, तेव्हा दारातच थबकली. पाळण्यामागे पाळणे. प्रत्येकात एक चिमी होती. तेच आक्रसलेले चेहरे, तेच बारीक रडणं, आणि उशाशी एक एक मख्ख झालेली आई.

"हे सगळ्याच गावांत चाललंय," डॉक्टर म्हणाल्या. "बाहेर बोलू नका म्हणून आम्हाला सांगितलंय. पण तुमच्यापासून काय लपवू? माणसाच्या आतड्यात जंतूंची एक वस्ती असते. आपण खातो त्यातलं बरंचसं तेच पचवतात. कुणाशी लढायचं नि कुणाशी नाही, हे शरीराला तेच शिकवतात. बाळ जन्मताना रिकामं येतं. आईच्या अंगावरून, दुधातून, कुशीतून त्याला ती वस्ती मिळते. विरजण लागतं तसं समजा."

"मग?"

"स्थिरक पोटात विरघळतो. पण पिठूळ पदार्थाला चिकटलेला कणभर पुढे सरकतो आणि आतड्यात साठत राहतो. वर्षानुवर्षं. मोठ्यांचं कसंबसं भागतं. थोडं अपचन, थोडा थकवा. त्यांच्या आतली वस्ती मेलेली नाही, थांबलेली आहे. आता या आयांकडे मुलांना द्यायला विरजणच नाही."

ऋजुतानं चिमीला छातीशी घट्ट धरलं. "म्हणजे माझ्यामुळे?"

"तुमच्या एकटीमुळे नाही बेटा. आपण सगळेच ते जेवलोय."

उपाय एकच होता. ज्याच्या पोटातली वस्ती जिवंत आहे असा माणूस शोधायचा. त्याच्या विष्ठेतून जंतू वेगळे काढून, धुऊन, थेंबांत घालून बाळाला द्यायचे. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या केल्या. उदय तो उपाय ऐकून तोंडावर रुमाल धरून बसला होता. तन्मयच्या अहवालात वस्ती थांबलेली. उदयच्याही थांबलेली. ऋजुताचा तर सगळ्यात वाईट.

वृंदाचा अहवाल घेऊन डॉक्टर स्वतः घरी आल्या.

"काकू, तुम्ही काय खाता?"

वृंदा एकदम ओशाळली. आजवर हा प्रश्न कुणी विचारला की ती विषय बदलायची. "शिळं," ती पुटपुटली.

डॉक्टर खुर्चीत बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "खात राहा," त्या म्हणाल्या.

पहिल्या थेंबांनंतर आठवडा गेला आणि चिमी शांत झोपली. मग तिनं दूध पचवलं. गालांवर पुन्हा मांस दिसू लागलं. ऋजुता आईच्या गळ्यात पडून इतकी रडली की उदय आतल्या खोलीत निघून गेला. वृंदाला वाटलं, आपल्या जन्माचं सार्थक झालं.

पण डॉक्टरांनी सावध केलं. "हे कायमचं नाही. ऋजुताच्या दुधात स्थिरक आहे, घरातल्या हवेत आहे, पाण्यातही असेल. चिमीच्या पोटातली वस्ती पुन्हा थांबणार. दर महिन्याला थेंब लागतील. तिचं शरीर तयार होईपर्यंत, दोन-तीन वर्षं तरी."

"मी आहे की," वृंदा म्हणाली.

*

बातमी लपली नाही. आधी दवाखान्यातल्याच आया आल्या. मग त्यांच्या नात्यातले, मग मिरजेचे, इस्लामपूरचे, कोल्हापूरचे. सकाळी दार उघडलं की फाटकाशी माणसं बसलेली असत. कुणी काही मागत नसे. मूल मांडीवर घेऊन नुसते बसून राहत. वृंदा बाहेर आली की उभे राहत. एका बाईनं तिच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा ती दचकून मागे सरली.

डॉक्टरांनी प्रयोगशाळेत ती वस्ती वाढवून पाहिली. निम्मे जंतू काचेत जगेनात. गोठवून ठेवलेले थेंब काही मुलांना लागू पडत, काहींना नाही. ताजं हवं होतं. रोज हवं होतं.

घराची रीत बदलली. पेटी बंद करून ठेवली. वृंदानं बाहेर पाणी प्यायचं नाही. कुणाच्या घरी जायचं नाही, कारण तिथल्या हवेत पेटीचं धुकं. शाळेतल्या मैत्रिणीचा मुलगा लग्नाला उभा राहिला, ती गेली नाही. नुसत्या अक्षता टाकून येईन म्हणाली, तर ऋजुता दारात आडवी उभी राहिली. "आई, प्लीज. तिथं काहीतरी तोंडात जाईल." ऋजुता आता सांगलीतच राहत होती. तन्मय पुण्याहून येऊन-जाऊन असे.

स्वयंपाक उदयनं हाती घेतला. मापून ज्वारी दळायचा, भाकऱ्या थापायचा, झाकून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी ताट वाढून तिच्यापुढे ठेवायचा. हौसेनं करायचा. सुरुवातीला तिला कौतुक वाटलं. या हातांनी कधी चहासुद्धा केला नव्हता.

एका दुपारी तव्यावरची भाकरी टम्म फुगली. त्या वासानं वृंदाला लहानपणीसारखी भूक लागली.

"अहो, ती गरमच द्या मला. तूप घालून."

उदयनं भाकरी उलटली. "आजची उद्या," तो म्हणाला. "डॉक्टरांनी सांगितलंय, शिळंच बरं. कालची आहे ना, ती खा."

"एक भाकरी खाल्ली म्हणून काय होणारे?"

"बाहेर बघ जरा किती लोक बसलेत, वृंदा." आवाज नेहमीसारखाच मऊ होता. त्यानं कालच्या भाकरीचं ताट हळूच पुढे सारलं.

तिनं खाल्लं. आवडीचंच होतं ते. पण त्या दिवशी पहिल्यांदा ते तिला शिळं लागलं.

*

पावसाळा सरता सरता तिला खोकला लागला. अंगात थंडी भरली. एका सकाळी श्वास घेताना बरगडीत सुई टोचल्यासारखं झालं. डॉक्टर पटवेगारांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि बाहेरच्या खोलीत गेल्या. दार नीट लागलेलं नव्हतं.

"न्यूमोनिया आहे. प्रतिजैविकाचं इंजेक्शन आजच सुरू करायला हवं."

"म्हणजे आतली वस्ती..." हा ऋजुताचा आवाज.

"जाईल. हे जंतू ते जंतू असा भेद औषधाला कळत नाही. पुन्हा कधी उभी राहील का, सांगता येणार नाही. आता आजूबाजूला तसं काही उरलेलंच नाही, ती उभी राहणार कशातून?"

"एक दिवस थांबलं तर?"

डॉक्टर म्हणाल्या, "धोका आहे. हे मी त्यांना विचारल्याशिवाय ठरवणार नाही. आणि तुम्हीही ठरवू नका."

वृंदा छताकडे बघत वाट पाहत राहिली. उदय काहीतरी बोलेल असं तिला वाटत होतं. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. चिमी आत कुठंतरी खेळत होती.

डॉक्टर आत आल्या तेव्हा ती म्हणाली, "ऐकलंय मी. आजचं घ्या काय ते. मुलांसाठी ठेवा. उद्या इंजेक्शन द्या." डॉक्टरांनी तिचा हात दाबला. त्यांना ते पटलं नव्हतं.

ती रात्र कशी गेली ते तिला आठवत नाही. सकाळी ओठ निळसर पडले होते. खोलीत सगळे होते. डॉक्टर इंजेक्शन भरत होत्या. ऋजुता भिंतीला टेकून उभी, डोळे सुजलेले. दाराच्या चौकटीत एक अनोळखी जोडपं, बाईच्या कडेवर चिंधीसारखं लोंबणारं पोर. त्यांना आत कुणी सोडलं, देव जाणे.

बोलला तो उदय. तिच्या उशाशी बसून त्यानं कपाळावरचे केस मागे सारले आणि हळूच विचारलं, "वृंदा, आणखी एक दिवस जमेल का गं?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर प्रेम होतं, खोटं नव्हे, अगदी खरं. त्या प्रेमाचीच तिला त्या क्षणी जितकी भीती वाटली, तितकी आजाराचीही वाटली नव्हती.

"डॉक्टर," ती म्हणाली. तिनं बाही वर केली. "द्या."

सुई आत गेली. दारातल्या बाईनं हुंदका दिला. उदयनं वृंदाच्या कपाळावरून हात काढून घेतला, आणि तो कुठं ठेवावा हे त्याला कळेना.

*

ती बरी झाली. खोकला गेला, बरगडी दुखायची थांबली. महिन्याभरानं डॉक्टरांनी पुन्हा तपासणी केली. अहवालात जिवंत वस्ती नव्हती. आता ती सगळ्यांसारखी होती.

फाटकाशी कुणी बसेनासं झालं. तिला कुणी दोष दिला नाही. बाजारात एकदोघींनी ओळख दाखवली नाही, इतकंच. उदय पुन्हा पेटीतलं जेवू लागला. वृंदानं हवं तेव्हा गरम भाकरी करून खाल्ली. दोघं समोरासमोर बसत. मीठ दे, पाणी दे, याच्यापलीकडे बोलणं जाईना.

जतच्या पलीकडे, कर्नाटकच्या वेशीवर, एका माळावर सिद्धाप्पा नावाचा म्हातारा मेंढपाळ सापडला होता. त्याच्यापर्यंत ताजघर कधी पोचलंच नव्हतं. पटवेगारांच्या ओळखीनं तिथं तंबू पडले, तपासणीची गाडी गेली. ऋजुता चिमीला घेऊन निघाली. निघताना आईच्या पाया पडली. "औषधं वेळेवर घे," म्हणाली. गळ्यात पडली नाही.

त्यानंतर तिचा फोन क्वचित यायचा. चिमी रांगते. चिमीला दात आला. चिमी उभी राहते. वृंदा प्रत्येक बातमी उदयला सांगायची आणि तेवढ्यापुरतं घर पुन्हा घरासारखं व्हायचं.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी फोन वाजला. ऋजुताचा आवाज बसका होता, मागे वारा घोंघावत होता.

"आई, सिद्धाप्पा आजोबांना ताप भरलाय. छातीत घरघर आहे. पटवेगार मॅडम आल्यात, इंजेक्शन घेऊन."

"मग? दिलं का?"

"लोकांनी गाडी अडवलीय. झोपडीपर्यंत जाऊ देत नाहीत."

"पोलिसांना बोलवा की!"

"पोलिसांचीही मुलं आहेत, आई."

वृंदानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू कुठं आहेस?"

पलीकडे कुणीतरी ओरडलं, "मागे घ्या गाडी!"

"ऋजुता, तू कुठं आहेस?"

"गाडीपुढे," ऋजुता म्हणाली. "सगळ्यांबरोबर."

स्वयंपाकघराच्या दारात उदय येऊन उभा राहिला होता. वृंदाचा चेहरा बघून तो पुढे आला नाही.

"बाजूला हो," वृंदा म्हणाली.

"परवा चिमीचा डोस आहे. परवापर्यंतच, आई. मग देऊ दे ना त्यांना काय द्यायचं ते."

"मलाही तुम्ही एकच दिवस मागितला होता. बाजूला हो, बाळ."

फोन चालूच होता. वाऱ्यात डॉक्टर पटवेगारांचा आवाज येत होता. त्या कुणाला तरी हात जोडून विनवत असाव्यात. गाडीचा हॉर्न वाजला, थांबला, पुन्हा वाजला. अगदी फोनजवळ चिमी हसत होती, पोट भरलेलं मूल हसतं तशी, खळखळून.

वृंदा कान लावून वाट पाहत राहिली. पाऊल उचलल्याचा आवाज काही आला नाही.